आमचे थाई वर्गबंधू

पुणे विद्यापीठात १९९० ते १९९२ या काळात आमच्याबरोबर शिकलेले थायलंडचे वर्गबंधू २०२४ च्या वर्षावासात कालकथित झाले. वय साठीच्या आसपास होते. त्यांच्या पत्नीचा निरोप फोनवर आला. तो आम्ही तिघांनी एकमेकांना वाचून दाखवला आणि मग बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्यातला एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाला आहे, एकाने टपाल खात्यात नोकरी केली आणि एकाने मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात हयात घालवली. दोघे शहापूर तालुक्यातले, एक मुरबाडचा. हा लेख तिघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून ‘आम्ही’. त्यांचे नाव मात्र येथे देत नाही. त्यांच्या घरची माणसे साधी आहेत, नाव छापून यावे असे त्यांना वाटत नाही. आमच्या वाड्यावर त्यांना नावाने कोणी हाक मारलीच नाही. ते ‘भन्ते’ होते, आणि पुढे चीवर सोडल्यावर ‘दादा’ झाले.

त्या काळी पुण्यात थाई विद्यार्थी पुष्कळ असत. त्यांतले बरेच भिक्खू असत. बँकॉकला तेव्हा भिक्खूंसाठी दोन मोठी विद्यापीठे होती. तेथून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी ते भारतात येत. बुद्धाची भूमी ही ओढ होतीच, शिवाय इकडचे शिक्षण त्यांना परवडत असे. आमच्यापैकी दोघे तत्त्वज्ञानाच्या वर्गात होते, तिसरा राज्यशास्त्रात. वर्गात केशरी चीवरातला एक सडपातळ तरुण पहिल्या बाकावर बसे आणि इंग्रजीतून हळू हळू प्रश्न विचारी. पहिला महिना आम्ही लांबूनच हात जोडत होतो. पुढे जयकर ग्रंथालयात त्यांनीच आम्हाला गाठले. त्यांच्या हातात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीतून होता. त्यातल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी उभा केलेला एक प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होता. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा आहे की समाजाचा सेवक, हा तो प्रश्न. “आमच्याकडे हे कोणी असे विचारत नाही,” ते म्हणाले. “हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या लोकांना मला भेटायचे आहे.” त्या दिवसापासून ओळख झाली.

‘जात’ या शब्दाचा घोटाळा

त्याच सुमारास आम्ही शहरात खोली शोधत होतो. एका घरमालकाने आमची आडनावे विचारली, गाव विचारले आणि खोली आधीच दिली आहे असे सांगितले. भन्ते आमच्या मागे उभे होते. त्यांच्याकडे वळून तो गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाला, स्वामीजी, आपल्याला हवी असेल तर आहे. भन्तेंना मराठी तेव्हा फार येत नव्हते, पण एवढे समजले. ते म्हणाले, “हे माझे भाऊ आहेत,” आणि जिना उतरू लागले. शेवटी खडकीकडच्या एका वस्तीतल्या विहारात त्यांची सोय झाली आणि विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत आमची. दोन वर्षे आम्ही तेथे काढली.

त्या रात्री त्यांनी आम्हाला विचारले, की घरमालकाला काय हवे होते? आम्ही म्हणालो, जात. त्यांना तो शब्द लगेच ओळखीचा वाटला, आणि घोटाळा तेथेच झाला. पालीतला ‘जाति’ शब्द थाई भाषेत गेला आहे. तेथे त्याचा उच्चार ‘चात’ असा होतो आणि अर्थ होतो जन्म किंवा राष्ट्र. म्हणजे थाई माणसाला त्याची ‘चात’ विचारली तर तो थाई असे सांगणार. पुढे कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना सरळ विचारले, महाराज, जात कोणती? भन्ते हसून म्हणाले, “थाई.” म्हाताऱ्याने जरा विचार केला आणि ही जात आपल्या तालुक्यात नाही असा निर्वाळा दिला. आम्ही हसलो. भन्ते मात्र गंभीर झाले. एकाच शब्दाने त्यांच्या देशात सगळ्यांना एकत्र बांधले आणि आपल्या देशात माणसामाणसांत भिंत घातली, हे त्यांच्या मनातून जाईना.

ते वर्ष आपल्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. बाबासाहेबांना १९९० मध्ये भारतरत्न मिळाले होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने कायदा दुरुस्त करून बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. महाराष्ट्रात त्या १९६० पासून मिळत होत्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी आपल्या मुलांना धर्म लपवावा लागे. आमच्यातला टपाल खात्यात गेलेला मित्र दाखल्याचा अर्ज भरत बसला होता. एका रकान्यात धर्म बौद्ध आणि दुसऱ्या रकान्यात जुनी जात. भन्तेंनी विचारले, धर्म बदलला तर जात का लिहिता? आम्ही म्हणालो, “आम्ही जात सोडली. पण तिने आम्हाला सोडले नाही. कागदावरून ती गेली तरी विहिरीवर राहतेच.” यावर त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वसलसुत्त काढले आणि आमच्याबरोबर ओळ न ओळ वाचले. माणूस जन्माने हीन ठरत नाही, कर्माने ठरतो, असे भगवंतांनी त्यात सांगितले आहे. हे सुत्त ते लहानपणापासून म्हणत आले होते. आमच्याकडे आल्यावर आपल्याला ते पहिल्यांदा कळले, असे ते म्हणाले.

१४ एप्रिल १९९१

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची जयंती १४ एप्रिल १९९१ ला होती. आम्ही भन्तेंना गावी नेले. पुण्याहून कल्याण, कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलने आसनगाव, तेथून शहापूर आणि मग आत. आसनगावपासूनच लोक वळून बघत होते. बौद्धवाड्यात पोहोचलो तेव्हा समाजमंदिरासमोर पताका लागल्या होत्या, बायका पांढऱ्या साड्या नेसून उभ्या होत्या.

त्यांनी त्रिसरण दिले तेव्हा एक गंमत झाली. थाई लोक पालीचा उच्चार त्यांच्या पद्धतीने करतात. ‘बुद्धं’ चे ‘फुत्थं’ होते, ‘गच्छामि’ चे ‘खच्चामि’. पोरे फिदीफिदी हसू लागली. मागून आजीने दम दिला, “गप रे! परदेशातून आलेत ते. आपली बी भाषा पुण्याच्या मास्तरला कळती का?” पोरे गप्प झाली आणि सगळ्या वाड्याने त्यांच्यामागून ‘फुत्थं’ असेच म्हटले. भन्ते थांबले. मग आपल्यासारखा ‘बुद्धं’ म्हणायचा त्यांनी प्रयत्न केला. दोन्ही बाजूंनी असा थोडा थोडा उच्चार सरकत वंदना पूर्ण झाली.

ही आजी आमच्यातल्या एकाची, पण सगळ्या वाड्याचीच आजी होती. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला ७ डिसेंबर १९५६ रोजी ती आसनगावहून गाडीने दादरला गेली होती. त्या दिवशी चितेच्या साक्षीने भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखो लोकांना दीक्षा दिली. आजीने दीक्षा घेतली ती तेथेच. तिला अक्षर येत नव्हते, पण बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या. भन्तेंनी तिला विचारले, आजी, तुम्ही बौद्ध कशा झालात? ती म्हणाली, “रडत रडत झाले बाबा. पन त्या दिवसापासून कुनाच्या पाया पडले नाय.” आम्ही इंग्रजीत सांगितले. भन्ते पुष्कळ वेळ तिच्याकडे बघत राहिले. पुढे ते नेहमी म्हणत, “मी बौद्ध घरात जन्मलो म्हणून बौद्ध. तुमच्या आजीने निवड केली.”

१३ ते १५ एप्रिल हा थायलंडचा नववर्षाचा सण आहे. त्याला सोंगक्रान म्हणतात. बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी घालतात, मुले वडीलधाऱ्यांच्या हातांवर पाणी ओतून आशीर्वाद घेतात, आणि रस्त्यात एकमेकांना भिजवतात. आपली जयंती आणि त्यांचे नववर्ष एकाच दिवशी येते हे कळल्यावर वाड्यातल्या तरुणांना फार आनंद झाला. आपणही मूर्तीला पाणी घालू, असा बेत ठरला. पण पाणी कोठे होते? शहापूर तालुक्याची गोष्ट वाचकांना नवी नाही. तानसा तलाव १८९२ चा. पुढे वैतरणा झाली, भातसा झाली. मुंबईच्या नळांना पाणी जाते ते आमच्या डोंगरांतून. आणि एप्रिल उजाडला की आमच्या गावांना टँकर. त्या वर्षी बायका डोक्यावर तीन तीन हंडे घेऊन लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. भन्तेंना आंघोळीला दोन बादल्या ठेवल्या होत्या. त्यांनी एक कळशी घेतली, बाकीचे परत पाठवले. मूर्तीवर फक्त एका फुलाने थेंब शिंपडले. म्हणाले, “माझे गावही कोरडे आहे. लहानपणी मी पाणी वाहिले आहे. मूर्तीला तहान लागत नाही.”

इसानचा शेतकऱ्याचा पोर

तोवर आम्हाला वाटे, थायलंड म्हणजे श्रीमंत बौद्ध देश, सोन्याचे विहार आणि राजा. भन्ते आले ते थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागातून. तेथली जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, माणसे बँकॉकला जाऊन टॅक्सी चालवणारी, बांधकामावर राबणारी. बँकॉकचे लोक त्यांच्या बोलीला हसतात. गरिबाच्या हुशार मुलाला शिकायचे असेल तर तेथे एक वाट असते, विहाराची. बाराव्या-तेराव्या वर्षी श्रामणेर व्हायचे, विहारात राहायचे, पाली शिकायची, तेथूनच शाळा आणि कॉलेज. भन्ते असे शिकले. आपल्याकडे वसतिगृहांनी जे केले ते त्यांच्याकडे विहारांनी केले.

भाताची गोष्ट निघाली की ते रंगून जात. आमच्याकडे एप्रिलमध्ये राब भाजतात ते त्यांनी उभे राहून पाहिले आणि रोपे किती दिवसांनी उपटता, आवणीला किती माणसे लागतात, असे प्रश्न विचारले. इसानचा भात चिकट असतो. हाताने त्याचा गोळा करतात आणि चटणीत बुडवून खातात. म्हणून नाचणीची भाकरी सुकटाच्या चटणीबरोबर हाताने खाताना त्यांना घरचे वाटले. भन्ते मासे खातात यावर वाड्यातल्या काहींनी कुरकूर केली. त्यांनी शांतपणे सांगितले, की आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंकाही नाही, असे अन्न भिक्खूला चालते. भिक्खूने दात्याच्या ताटात निवड करू नये. दुपारी बारानंतर मात्र ते काही खात नसत. जयंतीचे जेवण दीड वाजता वाढले, तेव्हा सगळा वाडा जेवला आणि ते पाणी पिऊन बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बायकांनी पहाटे चार वाजता चुली पेटवल्या.

एक गोष्ट आजीला खटकली. थाई भिक्खू बाईच्या हातून वस्तू थेट घेत नाहीत. समोर एक कापड पसरतात, बाईने वस्तू त्यावर ठेवायची. आजीने भाकरी पुढे केली आणि भन्तेंनी कापड पसरले. आजीचा चेहरा पडला. आयुष्यभर तिला लोकांनी लांबूनच वाढले होते. आम्ही घाईने समजावले, की हा विनयाचा नियम आहे, सगळ्या बायकांना सारखाच, तिकडे भन्तेंची आईसुद्धा असेच वाढते. आजीने भाकरी कापडावर ठेवली आणि म्हणाली, “आईला बी? मंग त्या माउलीला काय वाटत असंल.” भन्तेंनी अर्थ विचारला. आम्ही सांगितला. ते काही बोलले नाहीत.

नाणेघाटाच्या वाटेवर

त्याच वर्षीच्या थंडीत आम्ही त्यांना मुरबाडकडे नेले. शहापूर, किन्हवली, सरळगाव असे एसटीने गेलो, मग वैशाखरे, आणि तेथून पायी नाणेघाट. सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. वर गुहेत ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई-घोड्यांची आकडेवार यादी आहे. भारतातले फार जुने आकडे तेथे बघायला मिळतात. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असे लोक सांगतात.

आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, एवढे चढून आलो ते यज्ञाची यादी बघायला का? भन्ते हसले. म्हणाले, “राजा यज्ञ करीत असेल. पण या वाटेने जे चालत होते त्यांनी खाली-वर काय कोरले ते बघ.” खरेच होते. घाट चढून गेले की जुन्नर. तेथे डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत आणि त्यांतली बहुतेक बौद्धांची. इकडे कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. सोपाऱ्याला सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. अशोकाच्या काळी सोण आणि उत्तर हे दोन थेर सुवर्णभूमीला धम्म घेऊन गेले असे महावंसात आहे. सुवर्णभूमी म्हणजे आपलाच देश असे थाई लोक मानतात, ब्रह्मदेशातले लोक म्हणतात आमचा. “ते कोठे उतरले यावर भांडण आहे,” भन्ते म्हणाले. “पण निघाले ते तुमच्याकडून, यावर नाही.” दगडावर बसून त्यांनी हे सांगितले तेव्हा आमच्या मनात काय झाले ते लिहिता येणार नाही. शाळेत आम्हाला कोणी सांगितले नव्हते, की आमच्या तालुक्यातून जगाकडे वाट जाते.

उतरताना बावीस प्रतिज्ञांवरून वाद झाला. बँकॉकच्या भर चौकात ब्रह्मदेवाचे मंदिर आहे आणि बौद्ध लोक तेथे हार घालून नवस बोलतात, हे त्यांनीच सांगितले होते. ते मंदिर १९५६ साली उभे राहिले. आम्ही चिडून म्हणालो, ज्या वर्षी आम्ही देव सोडले त्या वर्षी तुम्ही देव बसवला! हा कसला बौद्ध देश? त्यांनी आपल्या देशाची बाजू घेतली नाही आणि निंदाही केली नाही. ते म्हणाले, “आमच्याकडे धम्म हवेसारखा आहे. हवेत धूळ असतेच. तुम्ही तो औषधासारखा घेतला. औषध मोजून घेतात.” आमच्यातल्या दोघांना हे उत्तर पटले. तिसऱ्याला आजही पटलेले नाही, आणि तसे त्याने येथे लिहायला सांगितले आहे.

चीवर सोडल्यानंतर

१९९२ मध्ये ते गेले. मग पत्रे सुरू झाली. ते फार फिरले. श्रीलंकेत अनुराधपूरला राहिले, ब्रह्मदेशात श्वेडगॉनला गेले, इंडोनेशियातला बोरोबुदूर पाहिला, जपानमध्ये नारा येथे जाऊन आले, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या थाई विहारात काही महिने होते. जेथे जात तेथून चित्राचे कार्ड पाठवत. पत्ता एकच, शहापूर तालुक्यातला आजीचा. आजी ते कार्ड टपालवाल्याकडून वाचून घेई आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली भिंतीला भाताच्या खळीने चिकटवी.

१९९६ मध्ये पत्र आले, की त्यांनी चीवर सोडले आहे आणि गावाकडे शाळेत शिक्षक झाले आहेत. वाड्यात खळबळ उडाली. भन्ते पळाले, बिघडले, असे लोक बोलू लागले. आपल्याकडे चीवर सोडणे म्हणजे कलंक. थायलंडमध्ये तसे नाही. तेथे निदान एक वर्षावास तरी मुलाने भिक्खू व्हावे अशी रीत आहे. रीतसर संघाचा निरोप घेऊन माणूस परत संसारात येतो. खेड्यात अशा माणसाला ‘थित’ म्हणतात, तो ‘पंडित’ शब्दाचाच तुकडा आहे. आपली मुले दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला जातात, मग केस वाढवून शाळेत बसतात, त्यांना आपण पळाले म्हणतो का? पण हे लोकांना समजावण्याआधीच आजीने निकाल दिला. “चांगलं केलं. पोरं शिकवतोय ना? बाबासायबांनी तेच सांगितलंय.” पत्रात त्यांनीही तेच लिहिले होते. ग्रंथालयात विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्यापुरते दिले आहे, असे त्यांनी कळवले. तिकडे शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, म्हणजे आपला गुरू.

त्यांच्या देशात शाळांची मोठी सुट्टी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असते. २००५ च्या एप्रिलमध्ये ते गावी आले. पँट-शर्ट, डोक्यावर केस, थोडे पोट सुटलेले. लहान मुलांनी ओळखले नाही. जयंतीच्या सकाळी त्यांनी तांब्यात पाणी घेऊन मोगऱ्याची फुले टाकली आणि वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ओळीने बसवून त्यांच्या हातांवर ते ओतले. आजीपाशी आल्यावर ते गुडघ्यांवर बसले. आता मध्ये कापड नव्हते. आजीने ओले हात त्यांच्या तोंडावरून फिरवले, डोक्यावरून फिरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटे मोडली. थाई लोकांत मोठ्या माणसाच्या डोक्याला हात लावत नाहीत, तो अपमान समजतात. ते मात्र मान खाली घालून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. “आईची आठवण आली का रं?” आजीने विचारले. त्यांची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती.

त्या वेळी ते बाबासाहेबांची एक तसबीर बरोबर घेऊन गेले. थाई घरात भिंतीवर बुद्ध असतात आणि राजा असतो. त्यांच्या घरी कोटातला, हातात पुस्तक घेतलेला एक तिसरा माणूस लागला. शाळेतली मुले विचारत, हे कोण? ते सांगत, जगातल्या कुठल्याही राजाने एका दिवसात एवढे बौद्ध केले नाहीत, हा राजा नव्हता, हा विद्यार्थी होता.

आजी २००९ मध्ये गेली. त्यांनी तिकडे भिक्खूंना भोजनदान दिले.

शेवटचे दिवस

आम्ही तिकडे जाणार होतो. पासपोर्ट काढले, २०२० च्या सोंगक्रानची तिकिटे काढली. मार्चमध्ये करोनाने विमाने थांबली आणि बेत राहिला तो राहिलाच. २०२३ च्या सुरुवातीला थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू परभणीहून चालत मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत आले, तेव्हा त्यांचा फोन आला. म्हणाले, “पाय चालले असते तर मीही आलो असतो.” तोवर आजार लक्षात आला नव्हता. थकवा आहे एवढेच म्हणत.

पुढे कळले ते पित्तनलिकेचा कर्करोग. हा रोग इसानमध्ये जगात सर्वांत जास्त आढळतो. त्याचे कारण लिहितो, कारण ते गरिबीच्या इतिहासात आहे. तेथे तळ्यातले, भातखाचरातले लहान मासे कच्चे किंवा अर्धे मुरवलेले खाण्याची जुनी रीत आहे. त्या माशांत एक सूक्ष्म चपटा कृमी असतो. तो यकृताच्या नळ्यांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे तेथे राहतो. माणसाला काही जाणवत नाही. तीस-चाळीस वर्षांनी त्यातून कर्करोग होऊ शकतो. कृमी मारणारे औषध आहे, मासा नीट शिजवला तर तो मरतोही. पण लहानपणी शेतात आईबरोबर खाल्लेला घास कोण आठवतो? ते शाळेत मुलांना हेच शिकवत असत, मासे शिजवून खा. ते स्वतः मात्र त्याआधीच्या पिढीचे होते.

आजाराच्या वर्षात त्यांनी तक्रार केली नाही. फोनवर पावसाची चौकशी करीत, आवणी झाली का, टँकर अजून येतो का. शेवटच्या फोनवर त्यांनी विचारले, वाड्यातली मुले आता ‘बुद्धं’ कसे म्हणतात? आम्ही म्हणालो, आपल्यासारखे. ते म्हणाले, “एकाला तरी ‘फुत्थं’ शिकवा.”

त्यांच्याकडे अंत्यविधी सावकाश होतो. काही रात्री देह घरी किंवा विहारात ठेवतात, भिक्खू अभिधम्म म्हणतात. मग विहाराच्या आवारातच दहन होते. येणारा प्रत्येक जण चंदनाच्या पातळ पापुद्र्यांचे फूल देहापाशी ठेवतो. फोनवर फोटो आले. शाळेतली मुले रांगेत उभी होती. थायलंडमध्ये पुण्य वाटताना भिक्खूंचे सुत्तपठण चालू असताना लहान भांड्यातून पाण्याची धार सोडतात. आपला जलदान विधी यापेक्षा फार वेगळा नाही. आमच्या विहारात आम्ही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला, तेव्हा वाड्यातल्या प्रत्येक घरातून एक माणूस आला आणि प्रत्येकाने धार धरली.

आम्ही गरीब घरचे, फारसे न फिरलेले लोक. त्यांच्यामुळे आमचे वाडे जगाच्या नकाशावर आले असे नाही, पण जग आमच्या वाड्यांपर्यंत आले. आणि त्यांनाही आमच्याकडून काही मिळाले, हे ते स्वतः सांगत असत. आजही पुण्यात, मराठवाड्यात थायलंड, बांगलादेश, म्यानमार येथले बौद्ध विद्यार्थी शिकत आहेत. वाचक बंधू-भगिनींनो, त्यांतला कोणी भेटला तर त्याला विहारात नुसता सत्कार करून पाठवू नका. घरी न्या. भाकरी वाढा. आपली गोष्ट सांगा आणि त्याची ऐका. बारा वाजायच्या आत जेवण तयार ठेवा म्हणजे झाले.

आजीच्या भिंतीवरची कार्डे तिच्या नातवाने जपून काढली आहेत. खळीमुळे काहींची पाठ फाटली, पण बावीस कार्डे शाबूत आहेत. ती वाड्याच्या विहारातल्या वाचनालयात काचेखाली लावली आहेत आणि शेजारी जगाचा नकाशा लावला आहे. दर रविवारी मुले येतात आणि कुठले कार्ड कुठून आले ते बोटाने शोधतात.

जयभीम. नमो बुद्धाय.